चौरंगाची खालची कड

परवा नाशिकरोडला कैद्यांनी बनवलेल्या वस्तूंच्या दुकानात शिरलो आणि ताज्या सागाच्या वासासरशी वडिलांचा देवळाली कॅम्पातला फर्निचरचा कारखाना आठवला. बऱ्याच वर्षांपूर्वी वडिलांनी तिथे तुरुंगातून सुटलेला एक सुतार कामाला ठेवला होता. सुतारकाम तो आतच शिकलेला. चौरंगाची कुणाला न दिसणारी खालची कडसुद्धा, उचलताना बोटाला टोचू नये म्हणून, तो घासून गोल करायचा. तो कुठून आलाय हे वडिलांनी बाकीच्या कारागिरांना सांगितलं नव्हतं. एका संध्याकाळी तो रंधा मारण्यात गुंग असताना शेजारच्या मैदानावर कवायतीची शिट्टी वाजली. त्याने रंधा खाली ठेवला, पटाशा ओळीने मांडल्या आणि भिंतीकडे तोंड करून, झडतीला उभं राहावं तसे, दोन्ही हात वर केले. कुणीतरी हसलं. मग तो कुठून आलाय हे सगळ्यांच्याच लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री दारातच म्हणाला, "शेठ, हा राहणार असंल तर आम्ही नाय." वडिलांनी परोपरीने समजावलं, पण एकही जण आत येईना. शेवटी त्या सुतारानेच आपली पिशवी उचलली. "त्यांचं काय चुकलं नाय शेठ," तो म्हणाला, "शिट्टी ऐकली की हात आपोआप वर जातात." परवा त्या दुकानात एक चौरंग उचलला, तर खालची कड गोल, गुळगुळीत लागली. हा कुणी केला, असं विक्रीला बसलेल्या शिपायाला विचारलं. "जुना गडी आहे," तो कौतुकाने म्हणाला. "सुटतो अन् परत येतो. आता नव्या कैद्यांना तोच शिकवतो. बाहेर गेल्यावर पोट भरता यायला पाहिजे ना त्यांना."