केसरबाईची कर्णफुले

१६ फेब्रुवारी १९८० रोजीचे खग्रास सूर्यग्रहण खानदेशातून खंडग्रास दिसले. अमळनेरच्या एका तेलगिरणीतील कामगार मोतीलाल याची पत्नी केसरबाई त्या दुपारी, आठव्या महिन्यात, अंधाऱ्या खोलीत हातही न हलवता पडून होती. तितक्याच दिवसांची गर्भार असलेली तिची जाऊ द्रौपदाबाई मात्र ओसरीवर वांगी चिरत बसली होती.

मार्चमध्ये दोघींना मुली झाल्या. केसरबाईच्या लताला उजव्या कानाच्या जागी शेंगदाण्याएवढी गाठ होती. द्रौपदाबाईची सुमन धडधाकट. वस्तुतः बाह्यकर्ण गर्भाच्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच आकार घेऊ लागतो. ग्रहणाशी त्याचा संबंध नाही. पण केसरबाईचे दुखणे निराळे होते. पथ्य तिने पाळले, कान जावेच्या मुलीला मिळाले.

सासूने आपली कर्णफुले सुमनला दिली. केसरबाईला म्हणाली, "एकच कान शे तुन्या पोरले, जोडी कसाले जोइजे?" पुढे दहा वर्षे केसरबाई पानात भाकरी वाढतानाही सुमनच्या कानांकडे पाहत असे.

१९९० मध्ये धुळ्याला डॉक्टरांनी लताच्या फासळीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, कोरून कान घडवला. वर्षभराने तो डोक्यापासून उचलून उभा केला. घरी येताच केसरबाई जावेसमोर उभी राहिली.

"आते तिले दोन कान शेतस. जोडी दे."

"ली जाय, बाई," द्रौपदाबाई म्हणाली. "तुन्या पोरना कान सोनापेक्षा महाग शे."

आठवड्याच्या आत सोनाराने नवा कान टोचला. तो पिकला, कूर्चा विरघळली आणि कानाची वरची कड आत वळली. कर्णफुले डबीत गेली.

रुग्णालयाचे कार्ड केसरबाईच्या पेटीत आहे. त्यावर मराठीत स्पष्ट ओळ आहे: नव्या कानास छिद्र पाडू नये. नवराबायको दोघेही निरक्षर. मुलींना शाळेत घातलेले नव्हते. घरात वाचता येणारी, चौथीपर्यंत शिकलेली, एकटी द्रौपदाबाई. कान टोचण्याआधी कार्ड तिनेच वाचून दाखवले. "मी बठ्ठं वाचं," सगळे वाचले, असे ती आजही सांगते. त्या ओळीआधीच ती थांबली, असे केसरबाई सांगते. तिसरा साक्षीदार नाही.

द्रौपदाबाईने ती ओळ वाचली होती की नाही, हे अज्ञात आहे. वाचली असती तर केसरबाई थांबली असती का, हेही अज्ञात आहे. हे लिहिताना मी केसरबाईला तसे विचारले. तिने कार्ड पेटीत ठेवून झाकण लावले.