उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत

आमच्या गावात पहिल्या चार गल्ल्या नव्हत्या. समुद्राला लागून होती ती पाचवी. नवा माणूस विचारायचाच, अहो, पहिली ते चौथी कुठे गेली? आम्ही पाण्याकडे बोट दाखवायचो आणि त्याचा चेहरा बघत बसायचो. तेवढीच आमची करमणूक.

मोठ्या ओहोटीला चौथ्या गल्लीचे दगडी उंबरे उघडे पडतात. एका ओळीत, शेवाळलेले, आणि प्रत्येकावर छिन्नीने कोरलेला आकडा. बेचाळीस. चाळीस. एक्केचाळीस. चाळीसच्या खालचा एकही नाही, कारण आमच्याकडे नियमच तसा आहे. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी, भर दुपारी, उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत पावलं मोजायची आणि आकडा उंबऱ्यावर पांढऱ्या रंगाने लिहायचा. तो चाळीसच्या आसपास आला की आठ दिवसांत घर सोडायचं. जाताना शेवटचा आकडा कोरायचा आणि दार उघडं ठेवायचं. उघडं का, ते कुणी सांगत नाही. लहानपणी मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, आत यायचंच आहे त्याला, उगाच दार कशाला फोडायला लावायचं.

मोजण्याचं काम माझ्या मामाचं, म्हणजे आईच्या थोरल्या भावाचं. गाव त्याला शंभर म्हणतं. कचेरीच्या दारापासून अंगणातल्या घंटेच्या खांबापर्यंत बरोबर शंभर पावलं भरतील त्यालाच मापाऱ्याची नोकरी, अशी जुनी रीत होती. तरुणपणी सात जण चालले. कुणाची ब्याण्णव भरली, कुणाची एकशे पाच. मामाची शंभर. कचेरीत मोजायची टेप आली तेव्हाही ती कपाटातच राहिली, कारण आधीचे सगळे आकडे पावलांचे. मामाचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

लहानपणी मोजणीच्या दिवशी मी त्याच्यामागे पळायचे. त्याच्या एका पावलाला माझी दोन पडायची. टाच उंबऱ्याला टेकवून तो निघायचा, ओठ हलायचे, आणि गल्लीतल्या सोळाही घरांत कुणी भांडंसुद्धा आपटायचं नाही.

मी नोकरीला बाहेर पडले तेव्हा आमच्या घराचा आकडा एकसष्ट होता. पुढे साठ झाला, अठ्ठावन्न झाला. आणि मग वाढायला लागला. एकोणसाठ, बासष्ट, चौसष्ट. गाव हरखून गेलं. समुद्र मागे सरतोय म्हणे. पाववाल्याने नवी भट्टी बांधली, शिंप्याने घरावर माडी चढवली. मामा तर ऐटीत सांगायचा, समुद्राला पश्चात्ताप झालाय.

आई त्या घरात एकटी राहायची. फोनवर बारीकसारीक सांगायची. विहिरीचं पाणी खारट झालंय. मांजर स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही, दारातच बसून फरशीकडे बघत राहते. फरशीला कान लावला की खालून कुणीतरी दळत असल्यासारखं ऐकू येतं. मला काळजी वाटायची, आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. तीन वर्षं मी तिला माझ्याकडे चल म्हणून विनवत होते. तिचं उत्तर ठरलेलं होतं: दादाचा आकडा चौसष्ट आहे, तो सांगेल त्या दिवशी उठेन.

मग गेल्या वर्षी ती म्हणाली, "अगं, दुपारी स्वयंपाकघराच्या छतावर उजेड हलतो."

पाण्यावर पडलेलं ऊन उसळून भिंतीवर नाचतं, तो उजेड. माझ्या लहानपणी तो फक्त मोठ्या भरतीला आणि फक्त ओटीच्या भिंतीवर यायचा. स्वयंपाकघर घराच्या पार मागे. मी रजा टाकली आणि मोजणीच्या दिवशी गावी पोचले.

आईच्या ओट्यापाशी उभी राहून मी वर पाहिलं. सगळं छत हलत होतं. खाली आई शांतपणे कांदा चिरत होती, आणि तिच्या पांढऱ्या केसांवरही तो उजेड सरकत होता.

मामा आला. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, चल, पूर्वीसारखी. टाच उंबऱ्याला टेकवली आणि निघाला. मी शेजारून चालले. दहा पावलं झाली नसतील, मला थांबावं लागलं. पुन्हा चार पावलं, पुन्हा थांबले. मी ठेंगणी बाई, आणि त्याच्यासाठी थांबत होते. मामाची चप्पल वाळूतून उचललीच जात नव्हती. तो मात्र समाधानाने मोजत होता. पाणी पायाला लागलं तसा म्हणाला, "सहासष्ट." गल्लीतून कुणीतरी टाळी वाजवली.

त्याने उंबऱ्यावर आकडा रंगवला. मी एवढंच म्हणाले, "मामा, घंटेपर्यंत चल ना माझ्याबरोबर."

कचेरीच्या दारातून तो हसत निघाला. शंभर म्हणाला तेव्हा अंगणाच्या मध्यावरच्या नळापर्यंतही पोचला नव्हता. तिथेच उभा राहून त्याने समोर पाहिलं.

"खांब हलवला का गं कुणी?"

मी नाही म्हणून मान हलवली. तो पुढे चालत राहिला. खांबाला हात लागला तेव्हा दोनशे अकरा झाली होती. मामा खांबाला पाठ टेकून खाली बसला. मला वाटलं, आता हा उठत नाही. पण उठला. माझ्या खांद्याला धरून, गटार ओलांडताना टाकतात तशी लांब ढांग टाकत पुन्हा अंगण चालला. एकशे बारा. पुन्हा चालला. एकशे तीन. चौथ्या खेपेला शंभर भरली, आणि तीच ढांग धरून आम्ही पाचव्या गल्लीत परत आलो. पाणी थोडं उतरलं होतं, पण वाळूवर ओली रेघ स्पष्ट होती. त्याची बोटं माझ्या खांद्यात रुतत होती. आई दारात उभी होती.

"चिमे," मामा तिला म्हणाला, "एकतीस."

आईने आत जाऊन गॅस बंद केला, चष्मा घेतला, मांजर काखेत मारलं आणि बाहेर आली. इतकंच. तीन वर्षं मी घसा कोरडा केला होता. सवयीने मी कडी ओढायला गेले तर म्हणाली, "राहू दे."

बाकीची पंधरा घरं मामाने तशीच मोजली. एकही चाळीसच्या वर नव्हतं. पाववाला चिडला, भट्टी अजून नवी होती. मामा म्हणाला, चूक माझी आहे, आणि आठ दिवस नाहीत, आजच निघा. त्याच्या आकड्यावर राहिलेली माणसं त्याच्याच आकड्यावर उठली. संध्याकाळी त्याने छिन्नी घेऊन सोळा उंबरे कोरले. आमच्या उंबऱ्यावर सहासष्टाचा रंग अजून ओला होता, त्याच्यावरच एकतीस कोरलं. गल्ली सहाव्या दिवशी गेली.

आता मापारी नवा आहे, आणि मोजणीआधी दरवर्षी त्याला घंटेपर्यंत चालून दाखवावं लागतं. आई मामाकडे, सातव्या गल्लीत राहते. मामा रोज सकाळी एकटाच कचेरीच्या अंगणात जातो, खांबापर्यंत चालतो आणि घरी येऊन आईला आकडा सांगतो. मी गेल्या आठवड्यात गेले होते, तेव्हा दोनशे चाळीस होता. आई ऐकून घेते, कालचा विचारत नाही.

मामा बाहेर पडला की ती दार लोटत नाही. त्या दिवशी थंड वारा येत होता, म्हणून मी उठून लावायला गेले.

"राहू दे," आई म्हणाली.