दगडाचा तुटका कोपरा

धाटावच्या कंपनीत माझी सकाळची शिफ्ट चालू होती. पेणहून ताईचा फोन आला, "भाऊ, हे गेले रे... लवकर ये." मी काय केलं? भाचीला फोन लावून आधी खात्री करून घेतली. माझा स्वभावच मेला असा! प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेला माणूस दुधातही आधी पाणी शोधतो.

भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, खनिजं शोधणाऱ्या खात्यात होते. वर्षातले आठ महिने राजस्थानात तंबूत. एवढे दिवस हा माणूस खरंच दगडच शोधतो का, अशी शंका मी ताईजवळ बोललो होतो. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. निवृत्त होऊन ते पेणला आले ते ट्रंकभर दगड घेऊन. भरदुपारी खिडकीला घोंगडी लावून खोलीत बसायचे. मला काही ते बरं दिसेना. एकदा दार ढकलून आत शिरलो, तर त्यांच्या हातातल्या अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली एक पांढरट दगड निळा उजळलेला! "शीलाइट. टंगस्टनचं खनिज," ते म्हणाले. मग समजावलं. जमिनीच्या पोटातला शिलारस वर येऊन चुनखडीच्या थरांना भिडतो. त्यातून सुटलेलं तापलेलं पाणी टंगस्टन घेऊन चुनखडीत शिरतं, तिथे त्याला कॅल्शियम भेटतं आणि दोघांचं मिळून हे खनिज होतं. "नाहीतर पाण्याबरोबर कुठल्या कुठे गेलं असतं, भाऊ. चुनखडीने अडवलं म्हणून सापडलं."

गणपतीत पंगतीला सगळ्यांसमोर मी विचारलं, "भावोजी, कोलाडच्या हायवेवरची गारगोटी तर नाय ना ती?" सगळे हसले. भावोजीही हसले, पण नंतर भाताला नको म्हणाले.

त्याच दुपारी त्यांचा डोळा लागल्यावर मी त्या दगडाचा कोपरा फोडून खिशात टाकला आणि प्रयोगशाळेत ॲसिडमध्ये घातला. चुनखडी असती तर फसफसली असती, गारगोटी तशीच राहिली असती. उकळल्यावर तळाशी पिवळीधमक पूड बसली. टंगस्टनच! भावोजी खरं बोलत होते. आणि मी... पंगतीत मोठ्याने बोललेलं मागे घ्यायला दोन वर्षांत एकदाही तोंड उघडलं नाही. लाज वाटते मला त्याची.

त्यांना जाऊन आता महिना झाला. परवा ताई म्हणाली, "त्या दगडांचं काय करू रे? मला त्यातलं काय कळत नाय." घोंगडी अजून खिडकीला होती. ट्रंक उघडली. प्रत्येक दगडाखाली भावोजींच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. तुटक्या कोपऱ्याच्या दगडाखालीही होती. गावाचं नाव, खडकाचं नाव, आणि सगळ्यात खाली लिहिलेलं, "कोपरा भाऊने तपासायला नेला आहे. उत्तर यायचंय."