साडू पळायला लागला तेव्हापासून

आळस या विषयात माझ्या साडूच्या तोडीचा माणूस अख्ख्या मुलुंडात नव्हता, हे मी कुठल्याही देवळात शपथेवर सांगेन. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा; वयाने माझ्याएवढाच, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून अरे-तुरे. राहतो पलीकडच्या गल्लीत, पण रविवारी सकाळी आमच्याकडे यायला तो रिक्षा करायचा. आला की सतरंजीवर मांडी ठोकायची, पेटी पुढ्यात ओढायची आणि म्हणायचं, "हं, सुटा बुवा!" मग मी गायचो. माझ्या गाण्याबद्दल दोन मतं नाहीत. बायको नेमकी त्याच वेळी मिक्सरवर चटणी वाटायला घेते. मी जो सूर लावायला जायचो तो क्वचितच लागायचा, पण मी घसरून जिथे पडेन तिथे साडूची बोटं आधीच जाऊन बसलेली असायची, जणू मला तिथेच यायचं होतं. माझ्या आवाजाला साथ करणारा जगातला हा एकुलता एक माणूस. आणि तोच एके दिवशी पळायला लागला.

सुरुवात कॉलनीला फेरी मारण्यापासून झाली. मग फेरी हायवेपर्यंत गेली, हायवेवरून ऐरोलीच्या पुलावर गेली, आणि आम्हाला कळेपर्यंत माणूस हाफ मॅरेथॉन संपवून फुल मॅरेथॉनच्या गोष्टी करायला लागला होता. त्याच्या मनगटावर एक काळं घड्याळ आलं. त्या घड्याळाला विचारल्याशिवाय त्याचं पान हलत नाही. "काय रे, झोप झाली का नीट?" असं मी सहज विचारलं, तर म्हणाला, "थांब, बघून सांगतो." मग घड्याळात बघून चेहरा पाडून म्हणाला, "नाही झाली रे." तोपर्यंत गडी छान ताजातवाना दिसत होता.

रात्री नऊला तो झोपतो. माझ्या पुतणीच्या रिसेप्शनला नवरा-नवरी स्टेजवर चढायच्या आधी हा वऱ्हाडी जेवून, आहेर देऊन घरी गेला होता. फोटोत मेहुणीशेजारी एक रिकामी खुर्ची आहे. गणपतीत आमच्याकडे आरतीला उभा राहिला, तो एका पायावर. बॅलन्स सुधारतो म्हणे. आमची शेवटची आरती जरा लांबते; दोन्ही पाय टेकलेले मी बसायला जागा शोधत होतो आणि हा बगळ्यासारखा निश्चल. मोदकांचं ताट पुढे आल्यावर मात्र त्याने घड्याळाला विचारलं नाही. "उद्या लाँग रन आहे, कार्ब्स लागतात," म्हणत तो खात सुटला. माझी बायको शेवटी म्हणाली, "अहो भावजी, उद्या पळणार आहात की उडणार?"

हा लाँग रन नेमका रविवारी. "पुढच्या रविवारी नक्की रे," असं तो कितीतरी रविवार म्हणाला. त्याच्या घरी गेलो तर पेटीवर मोजे वाळत होते आणि भात्यावर पोटऱ्या मळायचा एक फोमचा दंडगोल ठेवलेला. मी घरी आलो, एकट्यानेच एक पद सुरू केलं. बायकोने मिक्सरसुद्धा लावला नाही. त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

मग सासूबाईंची पंचाहत्तरी आली. त्यांनी बजावलं होतं, "मला साडी नको, केक नको. दोघे जावई मिळून एक अभंग म्हणा." मी खूश झालो. म्हटलं, एकदा त्याची बोटं पेटीवर पडली की गडी परत रविवारचा होईल. पंधरा दिवस आधीपासून मी बाथरूममध्ये तयारी केली. साडू म्हणाला, "सकाळी पळून येतो, अकराला हजर!"

आला वेळेवर. झब्बा स्वच्छ, पण अंगाला बामचा वास. पेटी मांडली, पाहुणे जमले, साडू खाली बसायला वाकला आणि अर्ध्यातच थांबला. एक पाय दुमडेना. दुमडला तर गुडघा वर राही. मी खांदे धरले, मेहुणीने गुडघा दाबला, आणि आम्ही मिळून त्याला एकदाचं मांडीत बसवलं. धृपद बरं गेलं. अंतऱ्याला मी नेहमीप्रमाणे घसरलो आणि विश्वासाने त्याच्या बोटांची वाट पाहिली. तेवढ्यात "आई गं!" करून साडू उताणा. पोटरीत गोळा आला होता. पेटीने उरलेल्या हवेवर एक लांब उसासा टाकला.

"अहो जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "बेचाळीस किलोमीटर पळता म्हणे, आणि दोन फूट खाली बसता येईना?"

हॉल हसून लोटपोट झाला. साडूही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. अभंग मी एकट्याने संपवला. तोवर बरेच पाहुणे पंगतीला गेले होते.

नंतर मी त्याला मागच्या गॅलरीत खुर्चीत बसवून त्याची पोटरी चोळत होतो. म्हटलं, "महिन्यातला एक रविवार तरी दे रे मला. फार नाही मागत."

 तो म्हणाला, "बाबा गेले ना, तेव्हा ते आपल्याच वयाचे होते. रविवार होता. असेच निवांत बसले होते, बसल्या जागी गेले." मग म्हणाला, "पळताना धाप लागते, छाती धडधडते, तेव्हा कळतं की चालू आहे सगळं. सतरंजीवर बसलो की मी नुसता आतलं ऐकत बसतो. तुझं गाणं ऐकूच येत नाही मला."

मी म्हणालो, "आण, दुसरा पाय दे."

त्यानंतर रविवारचा विषय मी काढलेला नाही. हल्ली मात्र रविवारी मला पहाटे आपोआप जाग येते. गॅलरीत जाऊन उभा राहतो. खालून साडू जातो, भडक नारिंगी टी-शर्ट, मान किंचित डावीकडे. वर बघत नाही, मीही हाक मारत नाही, उगाच थांबायचा. तो हायवेकडे वळतो. मग दोन-अडीच तास मी घरात काही ना काही करतो आणि दर थोड्या वेळाने गॅलरीत डोकावतो. बायको म्हणते, "येतील हो भावजी, कुठे जातायत?" येतोच तो. कोपऱ्यावर नारिंगी ठिपका दिसला, की मगच मी आंघोळीला जातो.