दुसरबीडचे हसरे चेहरे

संजीवनीला कुणी नावं ठेवली तर राग येत नसे, असं म्हणणं म्हणजे शुद्ध थाप होईल. राग येई, आणि चांगला सणसणीत येई. पण वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिच्यावर अशी वेळ आली, की ‘मला नावं ठेवा हो’ म्हणून लोकांच्या पाया पडायचीच तेवढी ती बाकी राहिली होती. शिकलेल्या माणसाची ही तऱ्हा पाहून कुणालाही हसू येईल. तिच्या नवऱ्याला आलंच.

संजीवनीचं माहेर दुसरबीडचं. वडील भगवानराव शेती सांभाळून रस्त्यावर चहा-भज्यांचं हॉटेल चालवत. पोरगी हुशार निघाली तशी त्यांनी तिला लवकरच बाहेर शिकायला धाडली. तालुक्याचं वसतिगृह, मग जिल्ह्याचं, मग अमरावतीचं, असं करत ती कॉम्प्युटरची एम. एस्सी. झाली. आता चिखलीच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि अमरावतीच्या विद्यापीठात पीएच. डी. करत होती. नवरा गोकुळ वडनेर भोलजीचा. चिखलीत त्याचं बी-बियाण्यांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत दोघांचा संसार होता.

तिच्या संशोधनाचा विषय ऐकायला जड वाटला तरी मुळात सोपा होता. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं काय शिकतात ते घरच्या बायांना कळत नाही. ‘आम्ही कुठं शिकलोय’ म्हणून त्या बाजूला सरतात. म्हणून संजीवनीने ‘सांजपाठ’ नावाचं एक ॲप बनवलं होतं. रोज संध्याकाळी फोनमधून आवाज यायचा आणि घरातल्याच वस्तू घेऊन पोरासोबत करायचं एक छोटं काम सांगायचा. वाचता येत नसलं तरी चालायचं, नुसतं ऐकायचं. काम झालं की खाली तीन चेहरे: हसरा, साधा आणि रडका. जसं वाटलं तसं दाबायचं. ‘यंत्रानं माणसापुढे वाकावं, माणसाला वाकवू नये,’ असं ती परिसंवादांत इतक्या ठसक्यात सांगायची की मागच्या बाकावरचे डुलक्या घेणारेही सरळ बसायचे.

पहिली चाचणी तिने हौसेनं दुसरबीडला घेतली. घरोघरी स्वतः जाऊन ॲप घालून दिलं. चाचणी संपली तेव्हा सगळ्या घरांतून, सगळ्या दिवशी, हसरेच चेहरे आले होते. ती ते घेऊन अमरावतीला गेली ती पेढे घेऊनच.

गाईड मॅडमनी पेढा खाल्ला, आकडे पाहिले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“संजीवनी, तुझ्या गावात कुणाचं डोकं दुखत नाही का? कुणाची रेंज जात नाही? कुणाचं पोरगं रुसत नाही?”

“म्हणजे, मॅडम?”

“एकसुद्धा रडका चेहरा नाही. याला निष्कर्ष म्हणत नाहीत, याला सत्कार म्हणतात. जूनपासून हे शाळांना द्यायचं की नाही, याची बैठक दोन महिन्यांवर आली आहे. हे असं घेऊन येणार असशील तर माझी सही मिळणार नाही.”

खामगाव येईपर्यंत संजीवनी एसटीच्या खिडकीशी धुमसत बसली होती. चार वर्षं हाडाची काडं केली ती काय सत्कारासाठी? खामगावला चहा पोटात गेला, राग जरा खाली बसला, आणि मग तिचं डोकं चालायला लागलं. तिचं डोकं चालायला लागलं की चांगलंच चालतं, हे कबूल केलं पाहिजे. तिने स्वतःलाच विचारलं: मी घरोघरी गेले तेव्हा काय झालं? आधी चहा आला. मग ‘आमच्या भगवानरावांची संजीवनी’ म्हणून शेजारणींना हाका गेल्या. मग पाठीवरून हात फिरला. माहेरी आलेल्या लेकीनं काही करून आणलं आणि गावानं त्याला नाक मुरडलं, असं आजवर कधी झालंय? आपला तो बाब्या, आणि आपली ती बाबी तर त्याहून लाडकी. त्या बायांनी फोन तपासलाच नव्हता, त्यांनी लेकीचं कौतुक केलं होतं.

मग मला नावं ठेवील असं कोण आहे?

उत्तर इतकं चटकन आलं की ती मोठ्यानं हसली आणि कंडक्टरनं वळून पाहिलं. वडनेर भोलजी! तिची सासू रुखमाबाई!

रुखमाबाईंनी सुनेच्या पोह्यांना नावं ठेवली होती, पदराला ठेवली होती, कॉलेजच्या पगाराला तर दर दिवाळीला ठेवत होत्या. मात्र एक गोष्ट त्यांच्या बाजूनं बोललीच पाहिजे. जे बोलायचं ते तोंडावर, पाठीमागे चकार शब्द नाही. संजीवनीने आपलं संशोधन सासरच्या वाऱ्यालाही उभं केलं नव्हतं ते याच भीतीनं. पोह्यांना कुणी काही म्हटलं तर पोहे पुन्हा करता येतात. यात तिचा जीव होता.

गोकुळ तर ऐकून आधी उडाला आणि मग हसतच सुटला. “आईले दाखवतं तू? येडी हायेस का? मंग तं झालंच तुह्या पीएच. डी.चं.”

“झालं तर तिथंच होईल,” ती म्हणाली आणि रविवारी दुपारी त्याच्या मोटरसायकलवर मागे बसली.

रुखमाबाई ओसरीवर तूर पाखडत बसल्या होत्या. सोबत शेजारच्या पुष्पाबाई आणि कलाबाई होत्या. संजीवनीने तिघींना नमस्कार केला, पाणी पिऊन घेतलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. “आत्याबाई, हे मी बनवलंय. यात काय काय वाईट आहे ते मला सांगा.”

रुखमाबाईंचं सूप थांबलं. “कायले? मंग चिखलीत सांगत फिरशीन, सासू नावं ठेवते म्हनून?”

“नाही हो. मला तेच पाहिजे. मॅडमनी सांगितलंय, कुणी नावं ठेवली नाहीत तर काम पास होणार नाही.”

सासूच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरलं ते पाहून संजीवनीला वाटलं, लग्नानंतर इतक्या वर्षांत आपण यांना अशी भेट कधी दिलीच नव्हती. कलाबाईंनी तर पदर खोचूनच घेतला.

“आवाज कोनाचा हाय हा?” रुखमाबाईंनी सुरुवात केली.

“माझाच.”

“शाळेतल्या बाईवानी काऊन बोलून राह्यली मंग? ऐकनाऱ्याले वाटते, आता छडी मारते का काय.”

“अन् थांबत नाही ना बाप्पा,” पुष्पाबाई म्हणाल्या. “मानसानं चुलीवरचं पाह्यचं का हिचं ऐकाचं? पुन्हा सांग म्हनाव तं कोनतं बटन दाबाव?”

“मले तं दिसूनच नाही राह्यलं,” कलाबाईंनी फोन हातभर लांब धरला. “मुंग्या सोडल्यावानी अक्षरं.”

संजीवनी मुकाट्यानं टिपून घेत होती. कान तापले होते तरी हात चालू होता. आणि गंमत म्हणजे यातलं निम्मं अगदी रास्त होतं. दुसरबीडच्या बायांनाही पुन्हा ऐकायचं असणार, त्यांचीही पोळी करपली असणार, पण एकीनंही तसं म्हटलं नव्हतं.

असं करता करता दिवेलागण झाली. रुखमाबाईंनी देवाजवळ आणि तुळशीपाशी दिवा लावला, हात जोडले, आणि नेमका तेव्हा सातच्या ठोक्याला फोन बोलू लागला: “आजचं काम. कोठीतली ज्वारी काढा आणि मुलांना ती वाटीनं मोजायला सांगा.”

कलाबाईंनी खोचलेला पदर सोडून डोक्यावर घेतला. आतापर्यंतच्या नाव ठेवण्यात मजा होती. ती आता संपली.

“काय वं पोरी,” रुखमाबाई हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्यांचा तो हळू आवाजच संजीवनीला जास्त लागला. “दिवेलागनीले घरातलं धान्य मापाले लावतं तू? लक्ष्मी घरात याच्या वक्ताले? तुह्या मायनं सांगतलं नाही कधी?”

सांगितलं होतं. सांजवेळी कोठीला हात लावायचा नाही, हे आईनं, कौशल्याबाईंनी, लहानपणी शंभरदा सांगितलं होतं. पण बाराव्या वर्षापासून जी पोरगी वसतिगृहाच्या भोजनगृहात जेवली, तिच्या संध्याकाळांमध्ये कोठी कुठली? काम तिने दुपारी लिहिलं, विद्यापीठाच्या पंख्याखाली तपासलं. घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशातून सातला परत येतो, एवढं तिने शोधून काढलं होतं आणि त्या शोधावर फार खूश होती. माणसापुढे वाकणारं यंत्र! ते तर देवाजवळच्या दिव्यावरच जाऊन आदळलं होतं.

ती परसात गेली आणि तिथूनच आईला फोन लावला.

“आई, खरं सांग. चाचणीतलं ते रोजचं ज्वारी मोजायचं काम तू करून घेतलं होतंस?”

कौशल्याबाई म्हणाल्या, “दिवेलागणीला ज्वारी कोण मोजतं, बाई?”

“मग हसरा चेहरा कशाला दाबलास रोज?”

“आता गं! तू किती जिवापाड केलं होतंस. सगळ्याच बाया म्हणल्या, लेकीचं मन कशाला मोडायचं. लई गुणाची हायेस तू.”

संजीवनी तिथंच पायरीवर बसली. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी हसूही फुटलं. गावभर बायांनी मिळून तिला फसवलं होतं, आणि इतक्या मायेनं फसवलं होतं की रागवायचं कुणावर, तेच कळेना. पण आता तिला वाट दिसली होती. चूक सापडली की अर्धं काम झालं, हे ती आपल्या विद्यार्थ्यांना शिकवत आली होती.

पुढचे आठवडे तिने ॲप पार उसवून पुन्हा शिवलं. पुन्हा ऐकायचं बटन तळहाताएवढं झालं. ज्वारीचं काम निघालं. त्या जागी परातीतल्या भाकरी आल्या. ताटं किती, भाकरी किती, प्रत्येकाला किती, हा हिशेब बाईनं चुलीपुढून न उठता करून घ्यायचा आणि पोरानं उत्तर फोनमध्ये बोलून सांगायचं. म्हणजे काम झालं की नाही ते चेहऱ्यावरून नाही, पोराच्या आवाजावरून कळणार. सासूचं सगळंच मात्र तिने ऐकलं नाही. ‘रडकं तोंड सांजच्याले दाखवू नको’ हे ऐकलं नाही, आणि ‘सुरुवातीले सांग, वडनेरच्या रुखमाबाईची सून बोलून राह्यली’ हे तर मुळीच ऐकलं नाही.

उलट तिने ठरवलं की नावच नको, आपलंही नाही आणि ॲपचंही नाही. दुसरी चाचणीही दुसरबीडलाच घ्यायची, पण तिथं जाईल विद्यापीठातली तिची सहकारी मनाली, आवाजही मनालीचा. बनवणारं कोण ते चाचणी संपल्यावर सांगायचं. मॅडमनी मान डोलावली. म्हणाल्या, नियमात बसतं.

चाचणी आटोपली, तशा मॅडमच्या केबिनमध्ये तिघी निकाल घेऊन बसल्या. या खेपेला दुसरबीड खऱ्या माणसांचं गाव निघालं. हसरे होते, साधे होते, रडकेही पुष्कळ होते. मनालीचा आवाज काहींना भरभर वाटला. कुणाला ताटांचा हिशेब अवघड गेला. कुणी स्पष्टच सांगितलं, पाहुणे असले की होत नाही. संजीवनी एकेक तक्रार ऐकून खुलत होती.

“हे एक घर बघा,” मनाली म्हणाली. “पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत रडका चेहरा. शेवटी मी त्या आजींना कारण विचारलं. ऐका.”

तिने आवाज लावला. “तशी तू गुणाची दिसतीस, बाई, पण असंच आमच्या संजीवनीनं आधी केलेलं हाय. तिचंच पाहून केलं असंल कुणीतरी. याला त्याची सर नाही. तिचं लई गोड होतं.”

संजीवनीने तोंडावर हात ठेवला.

“कोण आहे ही बाई?” मॅडमनी विचारलं.

“माझी आई.”

“आणि या घरात काम होत होतं का?”

मनालीने त्या घरातली उत्तरं उघडली. संजीवनीच्या भावाची मुलगी बोलत होती: आज आजीनं एवढ्या भाकरी केल्या, एवढी ताटं, प्रत्येकाला एवढ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिचाच आवाज. तिसऱ्या दिवशीही. एकही संध्याकाळ चुकली नव्हती. जुन्या सांजपाठाला रोज हसरा चेहरा देऊन ज्वारीला बोटही न लावणाऱ्या कौशल्याबाईंनी नव्याला रोज रडका चेहरा दिला होता, आणि काम एक दिवसही सोडलं नव्हतं.

मॅडम बराच वेळ हसल्या. मग चष्मा घातला आणि सही केली.

केबिनच्या बाहेर येऊन संजीवनीने दुसरबीडला फोन लावला. आता नियमाप्रमाणे सांगायचंच होतं. सगळं ऐकून कौशल्याबाई एवढंच म्हणाल्या, “अगं बाई! मग ते रडकं तोंड पुसता येतं का गं आता?”

“नाही, आई,” संजीवनी म्हणाली. “आणि आलं असतं तरी मी पुसू दिलं नसतं.”