शालनकाकीचा मोकळा हात

शालनकाकीचे दोन्ही हात एकाच वेळी मोकळे असलेले डिचोलीच्या बाजारात कुणी पाहिले नसतील. डावा हात कायम नवऱ्याच्या मनगटावर. बुधवारच्या गर्दीत ती उजव्या हाताने बांगडे उलटून पाही, भेंडीचं टोक अंगठ्याने मोडी, पिशवीचा बंद दातांत धरून पावाचे उंडे आत सोडी, आणि हे चालू असताना डाव्या हाताने नवऱ्याला कधी थांबवी, कधी अलगद बाजूला ओढी. तोंडाची बडबड वेगळीच. कुणी म्हणालंच, "काकी, बसू द्या की त्यांना जरा बाकावर," तर उत्तर ठरलेलं.

"माझो एकच हात माझो रे. दुसरो तेंका दिलो."

काकीचं माहेर पेडण्याकडचं, म्हणून बोलण्याला मालवणी वळण. सासर आमोण्याचं. तिचे यजमान बार्जीवर, म्हणजे मालवाहू बोटीवर, तांडेल होते. मांडवीतून खनिज घेऊन मुरगाव बंदरापर्यंत बार्ज नेण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे तांडेलच म्हणत. मग काचबिंदूने नजर गेली. सुरुवातीला पांढरी काठी घेऊन ते एकटे बाहेर पडत. एकदा बस स्टँडवर कुणा भल्या माणसाने त्यांचा दंड धरून त्यांना रस्ता ओलांडून दिला. त्यांना ओलांडायचाच नव्हता. ते तसेच पलीकडे उभे राहिले, त्यांची बस निघून गेली. त्या दिवसापासून काठी कोपऱ्यात गेली आणि तांडेल जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, खुर्ची टाकून बसू लागले. नदीवरचा भोंगा ऐकू आला की मान तेवढी वळायची.

काकीने ते काही महिने सोसलं. मग एका बुधवारी सदरा इस्त्री करून त्यांच्या मांडीवर ठेवला. "जनेलाकडे बसलेल्या माणसाक लोक जनेलच समजतत. उठा," ती म्हणाली. तेव्हा धरलेलं मनगट तिने घराबाहेर पुन्हा आपणहून सोडलं नाही.

माझं मोबाइलचं दुकान स्टँडजवळच. काकी यायची ती फोनच्या कामाला. तिच्या बचत गटाची आमसुलं, फणसाची साठं आणि नाचण्याचे पापड पार म्हापशापर्यंत जात, आणि सगळ्या ऑर्डरी तिच्या फोनवर येत. तिचा फोन अगदी लहान, मुठीत मावणारा. चालता चालता ती तो कमरेच्या बटव्यातून काढी, आणि तिचा अंगठा त्यावर असा फिरे की मी गिऱ्हाईक सोडून बघत राही. 'उद्या देते', 'साठं संपली', 'पाऊस आहे, पापड नाहीत' असे निरोप ती फळांच्या ओळीतून जाता जाता पाठवून मोकळी होई.

तो फोन एक दिवस फुगला. मी बॅटरी बदलून दिली. पुढच्या खेपेला तशी बॅटरीच मिळेना, कारण कंपनीने ते मॉडेल कधीच बंद केलं होतं. मी माझ्याकडचे नवे फोन काउंटरवर मांडले. त्यातला सर्वांत लहान तिने हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"हो फोन न्हय रे दिगू, पाट आसा पाट! हेच्यार बसान जेवक येता."

तांडेल गालात हसले. मला मात्र हसू आलं नाही, कारण तिचं खरं होतं. दरवर्षी फोन बोटभर वाढत होते. मी म्हापसा पालथा घातला, पणजीला चौकशी केली. माल पुरवणारा म्हणाला, "लहान फोन मागतो कोण? लोकांना सिनेमा बघायचा असतो." बटणांचा फोन देऊन पाहिला, तर त्यावर गिऱ्हाइकांना मालाचे फोटो पाठवता येईनात आणि वास्कोच्या लेकीकडची नात दिसेना. शेवटी कुणाचा तरी वापरलेला लहान फोन मिळवला. काकी खूश झाली. पण तो जुना होता, काही महिन्यांत त्यावर निरोप यायचेच बंद झाले.

मग लेकीने मोठा फोन पाठवला. मी त्याच्या पाठीला बोट अडकवायची कडी चिकटवून दिली. काकीचा अंगठा अर्ध्यापर्यंत पोचायचा, पुढे नाही. "अर्धो फोन माझो, अर्धो कंपनीचो," ती म्हणायची आणि अंगठा चोळायची.

एकदा नार्व्याच्या देवळात जाऊन आल्यावर दोघं फेरीबोटीने नदीपलीकडे कुणाकडे तरी गेली होती. उतरताना फोन वाजला. काकीने तो काढला, वरच्या कोपऱ्याशी अंगठा ताणला, आणि फोन हातातून निसटला. तो झेलायला तिचा डावा हात आपसूक पुढे गेला. फोन वाचला. तांडेलांचा पाय मात्र ओल्या उतारावरून सरकला आणि ते गुडघ्यांवर आले. फार लागलं नाही. लोकांनी उठवलं, पँट झटकली.

त्यानंतर काकीने फोन कपाटात ठेवला. "सोडलो मी तेंचो हात," एवढंच ती मला म्हणाली. ऑर्डरी गटातल्या दुसऱ्या बायकांकडे गेल्या, काही गेल्याच. बुधवारी दोघं बाजारात येत, पण काकीचा मोकळा हात नुसता लोंबत असे.

एका बुधवारी दोघं दुकानात शिरली तेव्हा फोन तांडेलांच्या खिशात होता. बोलले तांडेलच, आणि तेही तिच्याशी.

"शालन, माझो डावो हात कित्याक आसा?"

"म्हणजे?"

"तुझो एक हात माका दिलंस. माझो एक मोकळोच आसा. मी धरतंय, तू बोट लाय."

त्यांनी फोन काढला आणि आपला डावा हात छातीवरून आडवा नेऊन तिच्यापुढे धरला. काकी म्हणाली, "वयर." हात वर गेला. "थोडो हंय." हात वळला आणि थांबला. जरासुद्धा हलला नाही. तिने उजव्या हाताचं बोट काचेवर ठेवलं. माझ्याच काउंटरसमोर उभं राहून तिने पहिला निरोप लिहिला, आणि तांडेलांनी विचारलं, "काय लिवलंस?" तिला वाचून दाखवावाच लागला.

तिथून पुढे ते तसंच चाललं. आलेला प्रत्येक निरोप ती मोठ्याने वाची. कुणाला किती साठं, कुणाला कमी मिठाची आमसुलं, हे तांडेलांच्या ध्यानात राही. हळूहळू गिऱ्हाइकं फोनवर त्यांनाच मागू लागली. बाजारात हाका येऊ लागल्या, "ओ तांडेल, माझे पापड!" ते आवाजावरून माणूस ओळखत आणि अख्खा बाजार ऐकेल असं उत्तर देत. पूर्वी काकी त्यांना घेऊन चाले. आता कोण कुणाला नेतंय ते लांबून कळत नसे.

यंदा गणपतीच्या आधी माल पुरवणाऱ्याचा फोन आला. एक नवा लहान फोन बाजारात आला होता, चांगल्यातला. मी एक मागवला आणि काकीसाठी बाजूला ठेवला. बुधवारी तिच्या हातात दिला. तिने मूठ मिटली, उघडली. अंगठा चारी कोपऱ्यांत सहज फिरला. इतका आनंद झालेला तिचा चेहरा मी फार दिवसांनी पाहत होतो.

"बरो आसा रे," ती म्हणाली. "किती शोधलंस माझ्यासाठी."

तांडेल बाजूला उभे होते. नवा फोन आला हे त्यांनी ऐकलं होतं, आणि सवयीने डावा हात छातीवरून आडवा नेऊन, पंजा उघडा ठेवून ते थांबले होते. काकीने त्या पंजाकडे पाहिलं. मग फोन हळूच माझ्याकडे सरकवला.

"नाका रे दिगू," ती माझ्या कानाशी वाकून म्हणाली. "हो एकट्याचो फोन. मगे तेंका काम खंय रवता?"

तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोठा फोन वाजला. तांडेलांनी तो काढून तिच्यापुढे धरला.

"शालन, बघ गो. कोण?"