कॉम्प्रेसर ऐकणाऱ्या दाएप्यो

बहरीनमधल्या आमच्या मनामाच्या ऑफिसात नवीन आलेली माणसं पहिल्या दिवशी आपली ओळख करून देतात. दाएप्योंनी ती करून दिलीच नाही. त्या आत आल्या, बूट काढले, खुर्चीवर चढल्या आणि भिंतीवरच्या एसीला कान लावून डोळे मिटून उभ्या राहिल्या. आमचे डायरेक्टर बू अली स्वागताचं भाषण अर्धवट सोडून बघत राहिले. थोड्या वेळाने बाई खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "पंख्याचं बेअरिंग जातंय. बाकी तब्येत चांगली आहे." मग हसल्या आणि पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. आठवड्याभरात तो एसी घरघरायला लागला आणि मेकॅनिकने पंख्याचं बेअरिंग काढून आमच्या हातात ठेवलं.

आमची संस्था म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. परदेशातल्या छोट्या, नव्या कंपन्यांना आम्ही काही महिने जागा देतो, सल्ला देतो, गिऱ्हाइकांशी गाठ घालून देतो आणि शेवटी मोठ्या पाहुण्यांसमोर त्यांचं सादरीकरण करवतो. मी पुण्याची बी.कॉम., नवऱ्याच्या नोकरीमागे बहरीनला आलेली. या सगळ्याची व्यवस्था बघायचे. व्हिसा, रेसिडेंट कार्ड, मीटिंगा आणि लोकांची चिडचिड. बाईंबरोबर जुनहो नावाचा त्यांचा इंजिनिअर आला होता. तो त्यांना 'दाएप्योनिम' म्हणायचा. मला वाटलं, आडनाव असेल. कोरियन भाषेत 'दाएप्यो' म्हणजे कंपनीचे प्रमुख आणि 'निम' म्हणजे आपलं 'साहेब', हे कळेपर्यंत सगळं ऑफिस त्यांना दाएप्यो म्हणायला लागलं होतं. मला त्या 'मेघनानिम' म्हणत. एवढा मान मला सासरीही कधी मिळाला नव्हता.

कोरियातल्या बुसान शहरात एका फ्रीजच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली होती. तयार झालेला प्रत्येक कॉम्प्रेसर चालू करून ऐकायचा आणि आवाजावरून तो पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. कारखान्याने ते खातंच बंद केलं तेव्हा पन्नाशीत आलेल्या या बाईंनी घरी न बसता कंपनी काढली. काडेपेटीएवढं एक यंत्र त्यांनी तयार केलं. ते कॉम्प्रेसरला चिकटवायचं. ते रात्रंदिवस ऐकतं आणि बिघाड व्हायच्या आधीच मोबाइलवर कळवतं. कोरियात त्याचं कौतुक झालं, पण पसारा काही वाढेना. शेवटी गुंतवणूकदारांनी बजावलं, की या कार्यक्रमात परदेशातलं एक तरी पक्कं गिऱ्हाईक मिळवा, नाहीतर कंपनी एका बड्या उद्योगात विलीन करा. त्या उद्योगाला फक्त पेटंट हवं होतं, माणसं नको होती. दाएप्यो हे मला अगदी सहज सांगून गेल्या. जुनहो मात्र खिडकीबाहेर बघत होता.

त्यांचं इंग्रजी तुटक होतं, पण कुठेच अडायचं नाही. आखाती अरबीतले शब्द त्यांनी येताक्षणी उचलले. कामाला लागताना 'यल्ला', वाद संपवताना 'खलास'. एका शब्दाशी मात्र त्यांचं जमेना. कुणी "उद्या इंशाल्ला" म्हटलं की त्या गोड हसून विचारायच्या, "इंशाल्ला. पण किती वाजता?" पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा बू अली एवढे हसले की डोळे पुसावे लागले. मग त्यांनी खरोखर वेळ सांगितली आणि पाळलीही.

गुदैबिया या मनामातल्या वस्तीत एका जुन्या इमारतीच्या छतावरच्या एसींना आम्ही पहिली यंत्रं लावली, आणि तिथेच सगळं फसलं. त्या संध्याकाळपासून जुनहोचा मोबाइल थांबेचना. हे मशीन आजारी, ते मशीन आजारी, सगळीच आजारी! भाडेकरू घाबरले, मालक वैतागला. दोन दिवसांत त्याने यंत्रं काढून पिशवीत भरून आमच्या टेबलावर आणून ठेवली.

जुनहोने कारण शोधलं. त्यांच्याकडची मशीनं थोडी चालतात, थोडी थांबतात. आमच्याकडची उन्हाळाभर दमच घेत नाहीत, वर धूळ आणि समुद्राची खारी हवा. कोरियात शिकलेल्या यंत्राला इथलं धडधाकट मशीनही धापा टाकतंय असं वाटायचं. आमच्या एका सल्लागारांनी सुचवलं, "सादरीकरणात कोरियातले निकाल दाखवा. इथलं कोण विचारतंय?" जुनहोलाही ते पटलं होतं.

दाएप्यो म्हणाल्या, "मशीनचं चुकलेलं नाही. आपल्याला त्याची भाषा येत नाही. शिकू या. खलास."

मग आम्ही छतं चढायला लागलो. ऑगस्ट होता. भर दुपारी उघड्यावर काम करायला इथे उन्हाळ्यात बंदी असते, म्हणून पहाटेच निघायचो. गुदैबियातल्या छतांवर पाण्याच्या टाक्या, डिशच्या थाळ्या आणि ओळीने लावलेले एसी. त्यांच्यामधून दाएप्यो डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून फिरायच्या. प्रत्येक मशीनला आधी स्वतः कान लावायच्या, मग आवाज टिपायच्या, आणि जुनहोला सांगायच्या, "हा निरोगी. हा म्हातारा, पण निरोगी. हा मात्र खोटारडा." त्यावरून जुनहो यंत्राला इथले आवाज नव्याने शिकवायचा. परवानगीसाठी मालकांशी मोडक्या अरबीत, रखवालदारांशी हिंदीत बोलायचं काम माझं. मी घामाने निथळत "बस करू या आता" म्हणाले, की त्या विचारायच्या, "जेवलात का?" त्यांच्याकडे हीच विचारपूस, हाच नमस्कार. मी 'नाही' म्हणायची खोटी, की त्यांच्या पाठपिशवीतून भाताचा डबा निघायचा.

याच दिवसांत मी त्यांना मुकादमचाचांकडे नेलं. चाचा रत्नागिरीचे. मनामात त्यांचा मासळीचा व्यापार आणि स्वतःचं कोल्ड स्टोरेज. मला बघून ते म्हणाले, "काय गो बाय, ही चीनची मॅडम कशाला आणलीस?"

"चीनची नाही चाचा, कोरियाची. तुमची मशीनं तपासणार आहेत."

पण दाएप्यो मशीनकडे गेल्याच नाहीत. दारात सुक्या मासळीचं पोतं उघडं होतं. त्यांनी त्यातली मूठभर मांदेली उचलली, वास घेतला आणि एकदम आईची आठवण आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. त्यांच्याकडे अशाच चिमुकल्या सुक्या माशांचं पाणी उकळून कालवण करतात. चाचांनी लगेच पिशवी भरून दिली. "घ्या मॅडम. आणि लावा तुमचं काय ते यंत्र. बिघडण्यासारखं हाय काय त्यात?"

सादरीकरण परवावर आलं होतं, तेव्हा त्या यंत्राने इशारा दिला. चाचांचा मोठा कॉम्प्रेसर कुठल्याही क्षणी बंद पडेल, असा. दाएप्यो धावत गेल्या, कान लावला आणि यंत्र बरोबर आहे म्हणाल्या. देखभाल करणाऱ्या कंपनीचा माणूस आला, त्याने मोजमापं घेतली आणि सांगितलं, "उत्तम चाललंय." बू अलींनी दाएप्योंना बाजूला घेतलं. "दोन दिवस गप्प बसा. इशारा खोटा ठरला तर पाहुण्यांपर्यंत बातमी जाईल. तुमची ही शेवटची संधी आहे."

"त्यांचा सगळा माल आत आहे," दाएप्यो म्हणाल्या. "मला कळलंय आणि मी गप्प बसू? मग कंपनी वाचवून करायचं काय?"

त्यांनी चाचांना सगळं सांगितलं, अगदी देखभालवाला काय म्हणाला तेही. मी मराठीत समजावलं. चाचांनी कॉम्प्रेसरवर हात ठेवून पाहिला. मग म्हणाले, "ही बाय माझ्या पोरीसारखी तळमळून बोलतेय. चला, माल हलवा." त्यांच्या भावाच्या थंड गोदामात दिवसभर मासळी हलवली. जुनहो, मी, माझा नवरा, सगळे थंडगार खोकी उचलत होतो.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्रेसर मजेत चालू होता. सादरीकरणाच्या सकाळीही चालूच. देखभालवाल्याने चाचांना फोन करून चेष्टा केली म्हणे. मी साडी नेसून सभागृहात गेले आणि मोबाइल हातात धरूनच बसले.

दाएप्यो मंचावर उभ्या राहिल्या. त्यांनी कोरियातले निकाल दाखवलेच नाहीत. गुदैबियात यंत्रं कशी फसली, मालकाने ती पिशवीत भरून कशी परत केली, मग छतांवर आम्ही काय शिकलो, हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मनामातला एक कॉम्प्रेसर बंद पडणार, असं आम्ही म्हटलंय. तो आत्ताही चालू आहे. आमचं चुकलं, तर तेही मी तुम्हाला येऊन सांगेन." सल्लागारांनी कपाळाला हात लावला.

प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि माझा मोबाइल थरथरला. चाचा! मी बाहेर पळाले.

"बंद पडला गो बाय! बंद पडला!" चाचा आनंदाने ओरडत होते. "आतून असा आवाज आला, नि खलास! एक मासा नाय गेला माझा! सांग तुझ्या मॅडमला!"

मशीन मोडल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी आजवर पाहिला नव्हता. मी आत शिरले आणि रीतभात विसरून दारातूनच ओरडले, "बंद पडला!" क्षणभर कुणालाच कळेना. मग बू अली उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं. जुनहो खाली बसून ढसाढसा रडत होता. दाएप्यो मंचावर शांत उभ्या होत्या, टाळ्या थांबल्यावर त्यांनी माइकमध्ये विचारलं, "मासे वाचले ना?"

चाचा पहिलं गिऱ्हाईक झाले. पाठोपाठ कोल्ड स्टोरेजवाले आले, इमारतींचे मालक आले, आणि यंत्रं पिशवीत भरून परत करणारा गुदैबियाचा तो मालकही थोडा ओशाळून आला. विलीनीकरणाचा विषय बुसानमध्ये कायमचा मिटला. बहरीनमध्ये शाखा काढायची ठरली आणि ती सांभाळायला माणूस शोधायला हवा होता. दाएप्यो मला म्हणाल्या, "तुम्ही."

"मी? मला त्यातलं काय कळतं? मी बी.कॉम. आहे."

"मशीनचं जुनहो बघेल. लोक तुमच्यावर विश्वास ठेवून छताची किल्ली देतात. ते मला कुठून आणता येणार?"

विमानतळावर मी आणि जुनहो त्यांना सोडायला गेलो. सामानात सुकी मांदेली होती. आत जाताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि एवढंच म्हणाल्या, "घाबरलात तरी चालेल. जायचं मात्र थांबू नका." मग मान वर करून, भराभर पावलं टाकत गेल्या. जिंकून घरी निघालेलं माणूस असं चालतं, हे मला त्या दिवशी कळलं.

परतताना आम्ही विमानतळाजवळच्या बुसैतीनमधल्या एका बेकरीत थांबलो. तिथे यंत्रं लावायची बोलणी करायची होती. बेकरीचे म्हातारे बहरीनी मालक आमच्या दोघांकडे बघून जुनहोकडे वळले आणि त्यांनी विचारलं, "तुमचा मुदीर कोण? मला मॅनेजरशीच बोलायचंय."

जुनहोने माझ्याकडे पाहिलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि बसले.

"मीच," म्हणाले. "बोला."